सातवीतल्या बावीस पोरी

गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला यंदा बावीस पोरी अन् पोरगा एकही नाही. वाशीमहून आलेले साहेब हे पाहून इतके खूश झाले, की त्यांनी पोरी शिकवणारं गाव म्हणून भर सभेत शाल-श्रीफळ दिलं.

ते घ्यायला शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे वैभवीचे बाबा उठले. "आमी पोरगा-पोरगी असा भेद करतच नाही, साहेब!"

वैभवीनंही टाळ्या वाजवल्या. भाऊ शिवमसोबत तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायचा तिनं हट्ट धरला, तेव्हा बाबाच म्हणाले होते, "शाळेच्या गाडीत जागाच नाही वं माय, नाहीतर तुले इथं काहून ठेवलं असतं?"

तेवढ्यात ती गाडी फाटकासमोरून गेली.

&nbsp;

खिडकीशी शिवम बसला होता, अन् शेजारच्या सीटवर त्याचं दप्तर.