सदतीस नंबरचं बाळ

तरुणपणी मी घरोघर जाऊन मुलांनी काल काय खाल्लं ते लिहून घ्यायचे, त्यांची वजनं करायचे. माझ्या त्या वह्या नव्या संशोधनाला चालतील का, हे तपासायचं काम आता नातीकडे आलं.

“आजी, एकही रकाना रिकामा नाही! आणि घरात चष्मा सापडत नाही तुला. फक्त सदतीस नंबरचं बाळ गाळावं लागेल. रोज दूध, भात, अंडं खातंय, आणि वजन दर आठवड्याला उतरतंय. काटा बिघडला होता का गं?”

त्याच्या आईने मान खाली घालून सांगितलेलं सगळं मी लिहून घेतलं होतं, थंड चुलीकडे बघायचं टाळून.

 

“काटा बरोबर होता, बाळा.”