पुढची ओळ

"रिकामा चौकोन दिसला तर झाकू नकोस. तो रिकामा का आहे ते आधी बघ," असं तिला काम शिकवणारे केसरीनाथसर नोकरी सोडताना रुचिकाला म्हणाले होते. रुचिकानं हो हो म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात साहेबांनी कुरकुर केल्यावर रिपोर्टातल्या रिकाम्या चौकोनांच्या ओळीच गाळून टाकल्या. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टात ती तेच करी. साहेबांना कागद कसा भरलेला लागे.

आजचा रिपोर्ट नवा होता. ती काम करी त्या वडप्याच्या गोदामात आईस्क्रीम आणि मटार ठेवायची थंड खोली होती. मध्यंतरी तिथला आतला खटका अडकला आणि एक हमाल कोंडला गेला. तेव्हापासून साहेबांना रोज संध्याकाळी हवं असे, कोण किती वेळ आत राहिलं. दाराबाहेरच्या यंत्राला कार्ड लावलं की नोंद व्हायची. आत शिरताना एक, बाहेर आल्यावर एक.

रुचिकानं त्यासाठी क्वेरीत, म्हणजे नोंदींतून हवं ते काढणाऱ्या आज्ञेत, विंडो फंक्शन वापरलं होतं. सगळ्या नोंदी कार्डाच्या नंबरानं, मग वेळेनं लावलेल्या. आत गेल्याची प्रत्येक ओळ, खिडकीतून वाकून बघावं तशी, पुढच्या ओळीत डोकवायची आणि तिथली वेळ घेऊन यायची. मग नुसती वजाबाकी.

मोबाइल वाजला. पडघ्याहून सासूबाई.

"पोराचं आंग अजून गरम हाय. दूध बी घेत न्हाय. तू कवा येशील?"

"निघतेच, आई. कपाळावर पट्टी ठेवा."

तिनं घाईघाईनं क्वेरी चालवली. पहिल्याच ओळीवर तिची नजर अडकली. राघो. आत गेला दुपारी, बाहेर आला सकाळी. एकूण वेळ उणे.

"दीपेश, हे बघ ना."

शेजारच्या टेबलावरचा दीपेश खुर्चीसकट सरकत आला. "वा. आत जायच्या आधीच बाहेर. असा माणूस दुसरा मिळायचा नाही."

"मस्करी नको. राघो आतच असला तर?"

"अगं, कार्डानुसार वाटणी कुठे केलीस? 'पार्टिशन बाय' विसरलीस तू. राघोची ओळ पुढच्या कार्डात डोकावली. ही सकाळची वेळ बाळारामची आहे."

तिनं बघितलं. खरंच, बाळारामचीच होती.

"तरी एकदा खोलीत बघून येते."

"परवा आग लागली म्हणून सगळ्यांना बाहेर काढलंस, ती निघाली अगरबत्ती. तुझं पोर काय नि तुझी क्वेरी काय, ताप त्यांना आणि धावपळ आमची."

पलीकडे कोणीतरी हसलं. रुचिकाचे कान तापले. तिनं ते दोन शब्द घातले आणि क्वेरी पुन्हा चालवली. राघोची ओळ गेली. बाकीच्या ओळी कशा सरळ, जो तो थोडा वेळ आत आणि मग बाहेर. तिनं कागद छापला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली.

गेटजवळ खोकी भरणारी मैना किटली घेऊन बसली होती. जवळच एका कपावर बशी झाकलेली.

"ताई, चहा घ्या की."

"नको गं, उशीर झालाय. पोराला ताप आहे."

"वतलेलाच हाय. राघोदादाचा. वतून ठेव, आलोच म्हणला, आन् पत्ता न्हाय. तुम्हीच संपवा, न्हायतर मलाच बोलंल गार केला म्हणून."

राघोचं नाव ऐकून रुचिका थांबली. "तुला भेटला तो?"

"भेटला म्हंजे? हितनंच गेला की वरडत, साखर जास्त टाक म्हणून."

रुचिकाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे माणूस हिंडतोय. तिनं बशी काढली. चहावर साय धरली होती. उभ्या उभ्या तिनं तो पिऊन टाकला. गार होता, आणि फार गोड.

पडघ्याच्या टमटममध्ये कडेची जागा मिळाली. वळणावर अंग सावरत ती मनातल्या मनात क्वेरी पुन्हा तपासू लागली. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का हे आठवावं, तशी तिची ती सवयच. वाटणी नव्हती, म्हणून राघोची ओळ बाळारामच्या ओळीत डोकावली. बरोबर.

मग मैनाची का नाही डोकावली दुसऱ्या कोणाच्या?

कारण मैनाच्या पुढची ओळ मैनाचीच होती. बाळारामच्या पुढची बाळारामचीच. जो आत गेला आणि बाहेर आला, त्याच्या पुढे त्याचीच ओळ.

"दादा, थांबवा. मला उतरायचंय."

"पडघा लांब हाय अजून, ताई."

"थांबवा म्हटलं ना."

रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं गेटला फोन लावला. तो लागेना. दीपेश उचलेना, बाईकवर असणार. वडप्याकडे जाणाऱ्या ट्रकला हात करत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ती मोबाइलवर अक्षरं दाबू लागली. जिभेवर तो गार, गोड चहा अजून होता.

राघोची ओळ दुरुस्त झालीच नव्हती. बाहेर आल्याची नोंदच नसल्यानं तिचा चौकोन रिकामा झाला होता, आणि रिकाम्या चौकोनाची ओळ क्वेरीनं गाळून टाकली होती.

गोदामातले होते नव्हते तेवढे सगळे नंबर तिनं निवडले आणि मेसेज सोडला: "हे जो कोणी वाचेल त्याने हातातलं काम टाकून आधी थंड खोली उघडावी. राघो आत आहे, बघा."