पुसलेली मोहीम

शालनताईंनी गच्चीत पान वाढून ठेवलं. कावळा कठड्यावर बसून होता, पण शिवत नव्हता.

“श्राद्ध कोणाचं आहे?” त्यांच्या नवऱ्याने, निवृत्त कर्नल सरनोबतांनी विचारलं.

“माझ्या भावाचं.”

युद्धानंतरच्या कायद्याने लष्कराचं हेरखातं मोडीत काढलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या मेंदूतून गुप्त मोहिमा पुसून टाकल्या. अशाच एका मोहिमेवर कर्नलसाहेबांनी स्वतःच्या मुलाला धाडलं होतं. तो परतला नाही. मोहिमेबरोबर मुलगाही पुसला गेला. त्याची आठवण करून देणं हा गुन्हा होता.

शालनताईंनी मनातल्या मनात सगळी वचनं देऊन पाहिली. कावळा हलेना.

शेवटी कंटाळून कर्नलसाहेबांनीच हात जोडले. “माझं काही चुकलं असेल तर माफ कर, बाबा.”

कावळा पानावर झेपावला.

“भाऊ तुझा,” ते हळूच म्हणाले, “आणि अडला माझ्यासाठी?”