पुमाचा पट्टा

“पट्ट्यात माझेच केस घाल की,” फाउस्तिनो म्हणाला. “डोक्यावर एवढं रान माजलंय ते कशाला?”

बेनिग्ना मक्याची कणसं सोलत होती. हातातलं कणीस तिनं लेकाच्या डोक्यात हाणलं. “मेल्या, स्वतःचंच रक्त पिऊन कुणाचं पोट भरतं का? पट्टा तुझे केस घेईल नि तुलाच रिकामा करील. दुसऱ्याचेच लागतात.”

सून इलारियाला हसू आलं. पण परवा तिचा नवरा, फाउस्तिनो, पुमा होणार होता. पुमाचं कातडं पांघरून, कमरेला पट्टा बांधून चर्चसमोरच्या चौकात वरच्या गावच्या क्रिसान्तोपुढे उभा राहणार होता. जिंकला तर वर्षभर ओढ्याचं पाणी खालच्या गावाला. हरला तर पाणीही नाही आणि नवराही नाही. मागच्या पुमाची मान क्रिसान्तोनं मोडली होती.

पट्ट्यात ज्याचे केस विणलेले, त्याचं बळ ढोल वाजला की लढणाऱ्याच्या अंगात उतरतं. देणारा जागीच कोसळतो. कुणी कुणी काही महिन्यांनी भिंत धरून उठतं. बरेच उठत नाहीत.

“मी देते,” इलारिया हळूच म्हणाली.

“तू गप बस. लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही तुझ्या,” बेनिग्ना म्हणाली. “मी विधवा बाई. माझं काय राहिलंय मागे? उद्या पट्टा मीच विणणार आणि केसही माझेच घालणार.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मेल्चोर आजोबा काठी टेकत आले आणि बेनिग्नाचा हात त्यांनी कपाळाला लावला. बायका मानाची कोकाची पानं ओट्यावर ठेवून गेल्या. त्यांच्यादेखत बेनिग्नानं मक्याच्या दारूचा पहिला घोट जमिनीला दिला आणि लढाई होईपर्यंत मीठ-मिरची सोडली. सासूचा तो शांत चेहरा बघून इलारियाला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याचं डोकं भादरलं. चौकात पहिला हात केसांवरच पडतो, म्हणून.

“लोकर कातरलेल्या अल्पाकासारखा दिसतोस.”

“पुमा म्हण, पुमा. उद्या नावानं हाक मारलीस तर चावीन.”

“म्हणून आजच मारून घेते. फाउस्तिनो. फाउस्तिनो.”

तो हसला, मग तिच्याकडे वळला. “आईला काही झालं तर?”

“मी आहे ना. उचलून घरी आणीन. लेकरासारखं भरवीन.”

इथे कुणी केस टाकून देत नाही. मेल्यावर जिवाला ते वेचत रानोमाळ हिंडावं लागतं. नवऱ्याचे केस बायकोनं सांभाळायचे. इलारियानं कोनाड्यातलं आपल्या केसांचं गाठोडं सोडलं. त्यात जागा व्हावी म्हणून फणीतून जमवलेला आपला गुंता बाहेर काढून भिंतीच्या भेगेत कोंबला, नवऱ्याचे केस आत ठेवले आणि सवयीप्रमाणे दोन गाठी मारल्या.

“जा पोरी, लामा कुरणावर ने,” बाहेरून दारात येत बेनिग्ना म्हणाली. “पट्टा विणताना दुसऱ्याची नजर पडलेली चालत नाही. उन्हं कलली की ये.”

ती परतली तेव्हा पट्टा तयार होता. काळ्याभोर लोकरीची घट्ट वीण, कडेला लाल रेघ. सासूचे केस कुठे आहेत ते दिसतसुद्धा नव्हतं. कोनाड्यातल्या गाठोड्याला एकच गाठ होती. सकाळी घाई झाली असेल, असं वाटून इलारियानं दुसरी मारली.

जेवताना बेनिग्नानं मांसाचा मोठा तुकडा तिच्या वाडग्यात घातला.

“आई, तुम्ही घ्या. उद्या तुम्हाला...”

“खा मुकाट्यानं. तुझ्या अंगाला लागलं म्हणजे माझ्या लेकाला लागल्यासारखंच.”

इलारियानं डोळे पुसत खाल्लं. नंतर भांडी आवरताना सासूच्या वाडग्यातलं उरलेलं सूप तिनं तोंडाला लावलं. ते खारट लागलं. वाडगे बदलले असतील.

लढाईच्या दिवशी चौक फुलून गेला होता. बेनिग्नानं लेकाच्या कमरेला पट्टा बांधला, त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि मागे येऊन उभी राहिली. इलारियानं तिच्या कमरेभोवती दोन्ही हात घातले.

“टेका माझ्यावर, आई. मी पडू देणार नाही.”

“देव तुझं भलं करो,” बेनिग्ना पुटपुटली.

ढोल वाजला. इलारियानं मिठी घट्ट केली आणि डोळे मिटले. चौकातून एक डरकाळी आली. तो माणसाचा आवाज नव्हता. तिनं डोळे उघडले तेव्हा क्रिसान्तो पुमाच्या एका हातावर, लोकांच्या डोक्यांच्याही वर, अधांतरी तडफडत होता. पुढच्या क्षणी तो चर्चच्या पायऱ्यांवर आदळला आणि पुन्हा हलला नाही.

“पाणी आपलं!” खालचं गाव ओरडलं. “पुमा! पुमा!”

इलारियाच्या मिठीत बेनिग्ना खांबासारखी ताठ उभी होती. तिला साधं कापरंही भरलं नव्हतं. उलट ती हळूच वळली, चौकाकडे पाठ करून. तिनं सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग गुडघ्यांकडे. मग पुन्हा चेहऱ्याकडे. पिकलेलं फळ कधी गळतंय याची वाट बघावी, तसं.

सासूच्या खांद्यावरून इलारियाला चौक दिसत होता. पुमा गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला. मेल्चोर आजोबांनी वाकून त्याचा हात उचलला आणि सोडला. तो मातीत पडला. ओरडा एकदम थांबला.

बेनिग्नानं मागे वळून पाहिलं नाही. तिची नजर सुनेवरून हलत नव्हती.

“तू अजून उभी कशी?” तिनं विचारलं. “तुझ्याच गाठोड्यातले केस तर घेतले होते मी.”