गरम फरशी

काकूंचं बोचकं दारात बांधून तयार होतं. महाबळेश्वरची ओल गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून त्या दर पावसाळ्यात वाईला लेकीकडे जात. यंदा त्यांनी घरीच राहावं म्हणून त्यांच्या हणमंतानं हॉलमध्ये विजेवर तापणारी वायर अंथरून घेतली. वर फरशी मी बसवली.

"आईला तव्यावर बसवतोस होय रे?" काकू म्हणाल्या.

"एकदा पाय तर ठेव, आई."

बटण दाबून तास झाला, तेव्हा काकूंनी आधी अंगठा टेकवला, मग पाऊल, मग वाकून तळहात. आणि त्या तडक आत गेल्या. हणमंताचा चेहरा उतरला. "मिस्त्री, चालली बघा ही वाईला."

काकू बाहेर आल्या त्या जुनी धोतरं आणि सादळलेल्या पापड-सांडग्यांचे डबे घेऊन. बघता बघता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाळवण पसरलं.

"आता कशी जाऊ वाईला? हे राखणार कोण?"

"अगं, पण आम्ही पाय कुठं ठेवायचे?"

"सोफ्यावर घे की! आणि ही काठी धर, मांजर आलं तर हाकल."