पांढरीवरची सातवी खोली

"नकाशात सहाच खोल्या आहेत, धोंडप्पा. ही सातवी कुठून आली?"

व्यंकटराव साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. सोनपेठजवळच्या या गोदाकाठच्या पांढरीवर ते आठ वर्षांनी आले होते. इथली जुनी वस्ती त्यांनीच खणून काढली होती. निजाम सरकारच्या पुराणवस्तू महकम्याची, म्हणजे खात्याची, पाटी रोवली होती आणि धोंडप्पाला राखणदार नेमलं होतं. तेव्हापासून पाटीच्या आत कुणाचा नांगर शिरला नव्हता.

"पावसानं उघडी पडली असंल," धोंडप्पा म्हणाला.

साहेब हसले. "खोदाईचे दिवस आठवतात? तुझी बायको महादेवी मातीच्या टोपल्या वाहायची. भांड्याचा तो फुटका कान तिलाच सापडला."

धोंडप्पाला सगळं आठवत होतं. ते भांडं रोमहून जहाजानं आलं, असं साहेबांनी सांगितलं, तर महादेवी तोंडाला पदर लावून हसली होती. "येवढ्या लांबून आणायलते? इथं कुंभार नव्हता का?" सगळे मजूर हसले होते. पुढं ती या पडक्या भिंतींना 'आपलं घर'च म्हणायला लागली. दुपारी भाकरी घेऊन आली की चुलीच्या जागेपाशी बसायची आणि त्या काळच्या सुनेला नावं ठेवायची. दाराच्या तोंडाशी चूल मांडली म्हणून!

"कशी आहे ती?" साहेबांनी विचारलं.

"इथंच असती."

साहेब सातव्या चौकटीपाशी उकिडवे बसले. जेमतेम चार हात लांबरुंद. हातभर लांबीच्या त्याच जुन्या विटा. त्यांचे डोळे चमकले.

"लहान आहे. देवघर असेल, नाहीतर धान्याचं पेव. खोदून बघू."

"राहू द्या, साहेब."

"अरे, हैदराबादेत तुझं नाव होईल!"

साहेबांनी कुदळ उचलली. धोंडप्पा पुढं झाला आणि विटांवर बसला. साहेबांच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. पण आता तो जागचा हलला नाही.

"ऊठ! वेडा झालास का? दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे."

"विटा तेवढ्या जुन्या, साहेब. बाकीच्याला येत्या पोळ्याला तीन वर्षं व्हतील. खाली माझी महादेवी हाय."