बारा बोटांवरची शाई

"चौदा," किशोर म्हणाला आणि त्याने शाईच्या बाटलीचं बूच लावलं.

पटावर सव्वीस नावं होती. हजर वीसपेक्षा कमी भरले की शाळा बंद होणाऱ्यांच्या यादीत जाणार होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या प्रत्येकाच्या बोटाला शाई लावायची, मतदानाला लावतात तशी. आज जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत हेच चाललं होतं. किशोर स्वतः अकोल्याकडचा शिक्षक. मोजणीसाठी त्याला इकडे पाठवलं होतं.

"बाकीचे बारा कुठे आहेत?"

"सोयाबीन सोंगाले गेले, मायबापासंग," मुख्याध्यापक पंजाबराव म्हणाले. "नांदगाव खंडेश्वरच्या तिकडं. गोदाबाईचा टेम्पो पहाटेच निंगाला. काय हो साहेब, ऐन सोंगणीत मोजणी ठेवाची अक्कल कोनाची?"

"माझी नाही. दोन वाजेपर्यंत थांबतो. फोन लावा."

गोदाबाई सोयाबीन कापणाऱ्या मजूर बायांची मुकादम होती. तिचा आवाज फोनमधून वर्गभर ऐकू आला. "आनते न बाप्पा! हुडकाले तं लागन का नाही?"

नसीमबानो खिडकीशी उभी होती. या शाळेत शिकवायला लागून तिला चौदा वर्षं झाली होती. ती आली तेव्हा राजापेठेमागच्या या गल्लीत चार घरं आणि काटेरी बाभळी होत्या. मग शेती पुरेनाशी झाली. नांदगावची, तिवस्याची माणसं शहरात आली. ही माणसं कुठेही राहिली असती. इथे राहिली, कारण खुशालराव घरमालक खोली दाखवताना नळाच्या आधी शाळा दाखवायचे. "हे मागंच शाळा. मॅडम अशी हाये का पोरगं तिसरीत पेपर वाचते." गल्ली अशी भरली होती. पुढे ज्यांना जमलं त्यांनी पोरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवली. उरले हे सव्वीस. शाळा गेली तर खोल्या राहतील, पण त्यांतली माणसं पुन्हा कुठेतरी शाळा शोधत निघतील, हे नसीमबानोला माहीत होतं.

एक वाजला. मग दीड. पंजाबराव फाटकापर्यंत जाऊन येत होते.

एक चाळीसला टेम्पो आला. पंजाबराव उतरणारं प्रत्येक डोकं मोठ्याने मोजू लागले. "पंधरा... सोळा..." वीस झाल्यावर त्यांचा आवाज चढला. सव्वीसला त्यांनी चक्क टाळी वाजवली.

नसीमबानो मात्र पोरांकडे निरखून पाहत होती. गोदाबाईच्या केसांत सोयाबीनचा भुसा होता, कमरेला विळा खोचलेला होता. पोरांच्या अंगावर भुशाचा कण नव्हता.

किशोरने बूच काढलं. चौथीतल्या पौर्णिमाचा डावा हात धरला आणि तसाच थांबला. बोटावर शाई होती. त्याने दुसऱ्याचा हात पाहिला. तिसऱ्याचा. बाराही बोटं जांभळी होती.

"कोठी लावली बे हे?" पंजाबराव ओरडले.

"गावातल्या शाळेत," पौर्णिमा म्हणाली. "वावराच्या बाजूलेच हाये."

"मी तं वावरभर बोंबलत फिरली," गोदाबाई म्हणाली. "पाहाते तं काय, बाराच्या बारा वर्गात मांडी घालून!"

"पन काहून बसले तिथं? कोनं सांगतलं होतं?"

पौर्णिमाने नसीमबानोकडे पाहिलं. "मॅडमनंच. कामाले गेलं तरी, जे शाळा दिसन तिच्यात जाऊन बसाचं."

मग किशोर हळूच म्हणाला, "त्या गावची मुलंही वावरातच असणार. तिथल्या सरांनी हीच आपली म्हणून मोजून घेतली." त्याने बॅगेतून कोरा कागद काढून नसीमबानोपुढे ठेवला. "ही मुलं तुमची आहेत असं लेखी द्या, मॅडम. तिथला आकडा बाराने कमी होईल. तुमचे सव्वीस होतील."

"द्या मॅडम, द्या लवकर! आठ मिनिटं राह्यले," पंजाबराव म्हणाले.

नसीमबानोने पेन उघडलं. तारीख लिहिली. मग मान वर केली.

"पौर्णिमा, तिथली पोरं किती होती?"

"नऊ."

नऊ आणि बारा, एकवीस; बारा काढले की नऊच. तिने गोदाबाईला विचारलं, "जवळ दुसरी शाळा आहे का हो?"

"कायची माय! नदीच्या तिकडं हाये एक. पूर आला का तेही नाही."

"मॅडम, घड्याळ पाहा," पंजाबराव म्हणाले.

"आणि सरांनी काय शिकवलं आज?" नसीमबानोने पौर्णिमाला विचारलं.

"काही नाही. ते मोजनीवाल्या साहेबाच्या मागं-मागं फिरून राह्यले होते. फळा कोराच होता."

"मग इतका वेळ तुम्ही काय केलं?"

पौर्णिमाने उजवा हात फ्रॉकला पुसला. फ्रॉकवर खडूची पांढरी बोटं उमटली.

"भागाकार घेतला. मीनंच घेतला. तुमी चिंचोके मांडता न, तसे सोयाबीनचे दाने मांडून."

तारखेखाली काही न लिहिता नसीमबानोने पेनाला टोपण लावलं.

"मॅडम!" पंजाबराव म्हणाले.

मॅडम रागावल्या असं पौर्णिमाला वाटलं. ती घाईघाईने म्हणाली, "तिथल्या नवाच्या नवाई पोराईले भागाकार आला, मॅडम."